आधी नळ, मग चेंबर, शेवटी रस्ता : समाविष्ट गावातल्या एका उमेदवाराच्या जाहीरनाम्याचं प्रकरण

दिवाळी उरकल्यावर ताई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या हातात शाळेची दोनशे पानी वही होती. घरोघरी फिरून लिहून घेतलेल्या ४१ मागण्या. कुठे पेनानं, कुठे पेन्सिलीनं, दोन पानं तर लहान मुलाच्या अक्षरात, कारण मागणी सांगणाऱ्या आजींना लिहिता येत नव्हतं आणि नातवानं लिहून दिलं होतं. ताई म्हणाल्या, "मॅडम, हे सगळं छापायचंय. पण एका पानात बसत नाही."

पुणे महापालिकेच्या निवडणुकीत उभं राहणाऱ्यांना जाहीरनामा बांधायला मदत करण्याचं काम मी करते. पक्ष बघत नाही, मानधन घेत नाही. एकच अट घालते की आपण जे लिहू ते उद्या कुणी पालिकेत जाऊन तपासलं तरी टिकलं पाहिजे. ताईंचं प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण प्राधान्यक्रम म्हणजे नेमकं काय हे मला त्यांच्याबरोबर काम करताना नीट उमगलं. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव आणि गाव मात्र दोघींनी ठरवून बाहेर ठेवलं आहे.

गाव शहराच्या दक्षिणेला, टेकड्यांच्या पायथ्याशी. जून २०२१ च्या अखेरीस जी २३ गावं एका फटक्यात पुणे महापालिकेत आली, त्यातलं हे एक. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावं आली होती. पुण्यात या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, 'समाविष्ट गावं'. पालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली, ही महाराष्ट्रातली सर्वांत मोठी महापालिका झाली, अशा बातम्या आल्या. गावात मात्र त्या दिवशी वेगळंच घडलं. ग्रामपंचायत संपली. ताई तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होत्या. आदल्या दिवशीपर्यंत त्यांच्या सहीनं काम होत होतं, दुसऱ्या दिवशी त्या सहीला अर्थ उरला नाही. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाचीच मुदत संपली आणि प्रशासक बसले. मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे साडेचार वर्षं या गावाला निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. ग्रामसभा गेली आणि मुख्य सभेत खुर्ची मिळाली नाही.

"बायका पहाटे दारात यायच्या, नंतरही यायच्या," ताई सांगत होत्या. "पाणी आलं नाही की माझ्याच दारात. मी तरी कुणाच्या दारात जाऊ?"

वहीतल्या ४१ मागण्या

पहिल्या बैठकीत आम्ही वही पुढ्यात घेतली आणि प्रत्येक मागणीला तीन प्रश्न विचारले. हे नगरसेवकाच्या हातात आहे का? पैसा अंदाजपत्रकातल्या कोणत्या शीर्षाखालून येईल? आणि हे होण्याआधी दुसरं काय झालेलं असावं लागतं?

पहिल्याच प्रश्नात निम्मी वही गळाली. मेट्रो गावापर्यंत आणा. मेट्रोचा निर्णय राज्य आणि केंद्राच्या पातळीवर होतो. धरणातून पुण्याचा पाणीकोटा वाढवा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी. त्याच पाण्यावर कालव्यानं दौंड, इंदापूरपर्यंतची शेती जगते. वाटप जलसंपदा खात्याकडे, कालवा सल्लागार समितीकडे. गुंठेवारीतली घरं नियमित करा. त्याचा २००१ चा कायदा राज्याचा, मुदतवाढही राज्यच देणार. मिळकतकर माफ करा. हे लिहिलं असतं तर गावात टाळ्या पडल्या असत्या, पण एकट्या नगरसेवकाला कर माफ करण्याचा अधिकारच नाही. बांधकाम परवानगीचं तर आणखी विचित्र. गावं पालिकेत आली तरी या २३ गावांचं नियोजन पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे राहिलं. इमारतीला परवानगी देणारं कार्यालय एक, तिला पाणी आणि ड्रेनेज पुरवायची जबाबदारी दुसऱ्यावर. समाविष्ट गावांचं दुखणं कुणी एका वाक्यात विचारलं, तर मी हेच वाक्य सांगेन.

खोडताना ताईंचा हात जड व्हायचा. "ही मागणी ज्यांनी सांगितली त्या मावशींना मी काय सांगू?" असं त्या प्रत्येक ओळीला म्हणायच्या. शेवटी त्यांनीच तोड काढली. खोडलेल्या प्रत्येक मागणीपुढे ती कुणाच्या हातात आहे ते लिहायचं आणि छापील पत्रकाच्या मागच्या बाजूला ती यादी द्यायची. मी इतकी वर्षं जाहीरनामे बघते आहे. 'हे माझ्या हातात नाही, ते अमुक खात्याच्या हातात आहे' असं छापलेलं पत्रक मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

मग मी त्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधली दोन कलमं वाचून दाखवली. कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत. पाणीपुरवठा, मैलापाण्याचा निचरा, कचरा, दिवाबत्ती, रस्ते, प्राथमिक शिक्षण त्यात येतं. कलम ६६ मध्ये पालिकेनं स्वेच्छेनं करायच्या गोष्टी आहेत. ताईंनी ६३ दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे नळाला पाणी देतात ते उपकार नाहीत, मॅडम. बांधील आहेत ते." पुढे प्रचारात त्यांच्या तोंडी हे वाक्य कायम राहिलं.

दुसरा प्रश्न पैशाचा. पुण्यात नगरसेवकाच्या कामाची ओळख ज्या गोष्टींवरून होते, ती बाकडी, चौकातले नामफलक, कापडी पिशव्या, कमानी, यांतलं पुष्कळसं 'स' यादीतून होतं. प्रभागासाठी सुचवायच्या छोट्या कामांची ही यादी. ती वाईट नाही, गल्लीतला एखादा दिवा किंवा पायऱ्यांची दुरुस्ती त्यातून पटकन होते. पण ड्रेनेजची मुख्य वाहिनी त्यातून होत नाही. त्यासाठी आयुक्तांच्या अंदाजपत्रकात तरतूद लागते, ती स्थायी समितीत टिकवावी लागते, मग एस्टिमेट, टेंडर, वर्क ऑर्डर. आणि वर्षाच्या शेवटी 'वर्गीकरण' नावाचा प्रकार असतो. एका कामाची न वापरलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवायची. मंजूर झालेलं काम तिथे हरवतं, आणि गावाला वर्षभर कळतही नाही. ताईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, 'वर्गीकरणावर लक्ष. फेब्रुवारी, मार्च.'

सत्तेचाळीस झाकणं

तिसऱ्या प्रश्नानं खरं काम सुरू झालं. वहीत सर्वांत जास्त वेळा आलेली मागणी होती रस्ता. एका विशिष्ट गल्लीचा, शाळेपासून ओढ्यापर्यंत उतरत जाणारा. वर्षभर तिथे मैलापाणी वाहतं, पोरं दप्तर डोक्यावर धरून कडेकडेनं जातात. ताईंचा पुतण्या प्रचाराचं बघत होता, त्याचं म्हणणं सरळ होतं. "काकी, काँक्रीट रस्ता पहिल्या नंबरला टाक. लोक रस्ता बघतात, चेंबर कोण बघतं?"

मी म्हटलं, एकदा चेंबर बघून येऊ.

एका रविवारी सकाळी सातला आम्ही चौघं निघालो. ताई, त्यांचे दीर, पुतण्या आणि मी. दीर गवंडीकाम करतात. त्यांच्या खांद्यावर पारदर्शक नळीचं भेंडोळं होतं, घर बांधताना दोन टोकांची पातळी जुळवायला वापरतात ती लेव्हलची नळी. नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं उभी धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं. याहून भरवशाचं यंत्र अजून तरी मला माहीत नाही. हातात एक लांब वेळू, त्यावर रंगानं केलेल्या फुटाच्या खुणा.

वरून खाली चालत झाकणं मोजली. ४७ निघाली. त्यातली नऊ दिसतच नव्हती, डांबराखाली गेली होती. दीर पहारीनं रस्त्यावर ठोकत जायचे आणि आवाज पोकळ आला की खडूनं गोल करायचे. उघडता आली ती झाकणं उघडून आम्ही लांब उभं राहायचो, विषारी वायू असतो म्हणून. आत उतरायचं नाही, वाकायचंही नाही, हे दिरांनी आधीच बजावलं होतं. मग वेळू सोडायचा, तळाला टेकला की खूण वाचायची.

बत्तिसावं झाकण हनुमान मंदिराच्या कोपऱ्यावर. तिथून तेहतिसाव्यापर्यंत साधारण साठ फूट. रस्ता खाली उतरतो, पण नळीनं पातळी जुळवून तळाची खोली मांडली तेव्हा तेहतिसाव्याचा तळ बत्तिसाव्यापेक्षा चार बोटं वर होता. दिरांनी दोनदा मोजलं. मग तिसऱ्यांदा नळीची टोकं बदलून मोजलं. तेवढंच. म्हणजे वरच्या साऱ्या वस्तीचा मैला या कोपऱ्यापर्यंत येत होता आणि पुढे चढ होता. मैलापाणी उताराच्या जोरावर वाहतं, त्याला ढकलणारं कुणी नसतं. ते इथे तुंबायचं, गाळ बसायचा आणि वरच्या बाजूच्या झाकणांतून रस्त्यावर यायचं. पालिकेची सक्शनची गाडी येऊन उपसून जायची, आठवड्याभरात पुन्हा तेच.

ताई बराच वेळ त्या झाकणाशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "ही लाइन ग्रामपंचायतीच्या काळातली आहे. नऊ इंची. आणि वरचं डांबर ज्या ठरावानं पडलं, त्या ठरावावर सही माझी आहे. ड्रेनेज नीट न करता आम्हीच वर रस्ता केला. झाकणंसुद्धा आम्हीच बुजवली."

पुतण्यानं त्यानंतर काँक्रीटचा विषय काढला नाही.

त्या दिवशी जे ठरलं ते असं की, रस्ता जाहीरनाम्यात असेल, पण ड्रेनेजच्या आधी नसेल. आज काँक्रीट केलं तर उद्या लाइन टाकताना ते फोडावं लागेल, किंवा फोडायला नको म्हणून लाइनच टळेल. पुण्यात या दोन्हींची उदाहरणं पावलोपावली आहेत. आणि रस्त्यासाठी जागा लागते ही आणखी एक आधीची पायरी. कात्रज-कोंढवा रस्ता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. तो ८४ मीटर रुंद करायचा होता, जागेच्या मोबदल्याचा मेळ बसेना म्हणून ५० मीटरवर आणला, तरी वर्षानुवर्षं भूसंपादनातच अडकला. ज्या रस्त्याची जागा ताब्यात नाही त्याचं भूमिपूजन म्हणजे नुसता नारळ.

ड्रेनेजचं गणितही आम्ही ताईंच्या घरी कागदावर मांडलं. माणशी रोज १३५ लिटर पाणी हे शहरी पाणीपुरवठ्याचं मानक. गावाच्या वरच्या अंगाला उभी राहिलेली १२० फ्लॅटची एक सोसायटी घ्या, घरटी चार माणसं. ४८० माणसं, म्हणजे दिवसाला जवळजवळ ६५ हजार लिटर. दहा हजार लिटरचे सहा ते सात टँकर रोज. आता यातलं ८० टक्के पाणी मैलापाणी होऊन परत येतं असं धरतात. म्हणजे ५२ हजार लिटर, रोज, एका सोसायटीचं, त्या नऊ इंची लाइनकडे आणि बत्तिसाव्या झाकणाकडे. टँकर मोजायला लोक शिकले आहेत, पण टँकरनं आलेलं पाणी नंतर जातं कुठे हे कुणी मोजत नाही. या कागदाचा फोटो पुढे गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. मला वाटतं, साऱ्या प्रचारात लोकांनी मनापासून वाचलेली गोष्ट हीच होती.

नळाचं टोक

माझ्या मते यानंतर पहिला क्रमांक ड्रेनेजला होता, प्रश्नच नव्हता. ताईंनी ऐकलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचा, गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला. किरकटवाडी, नांदोशी, नांदेड, धायरी ही नावं देशभर पोचली. यातली बहुतेक २०२१ चीच समाविष्ट गावं. पुणे परिसरात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काही जण दगावले. दूषित पाण्याकडे बोट गेलं. नांदेड गावच्या विहिरीतून या भागाला मिळणारं पाणी जंतुनाशक टाकून, पण गाळणी प्रकल्पातून न जाता, पुरवलं जात होतं, हे तेव्हा शहरातल्या पेठांमध्ये राहणाऱ्या अनेकांना पहिल्यांदा कळलं. ताईंचं गाव त्या पट्ट्यात नाही. पण त्यांच्या माहेरच्या नात्यातली एक मुलगी त्या दिवसांत रुग्णालयात होती. पाय उचलेनात म्हणून नेलेलं. आता ती चालते, पण जिन्याचा कठडा सोडत नाही.

"मॅडम, ड्रेनेजला तीन वर्षं लागतील, हे तुम्हीच सांगता," ताई म्हणाल्या. "तोवर ते तुंबलेलं पाणी नळाच्या लाइनच्या शेजारीच आहे. नळ दिवसाआड सुटतो. लाइन रिकामी असली की बाहेरचं आत ओढते. मला आधी नळाच्या टोकाचं पाणी तपासायचंय. त्याला पैसे लागत नाहीत."

ग्रामपंचायतीत असताना त्यांनी हे काम स्वतः केलं होतं. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती पडली आणि नळाला क्लोरिन किती उतरलं, हे बघायला ओटी टेस्ट करतात. काचेच्या छोट्या नळीत पाणी, त्यात औषधाचे काही थेंब, क्लोरिन असेल तर पिवळा रंग येतो. रंगपट्टीशी ताडून बघायचं. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलं पाहिजे. टाकीजवळच्या पहिल्या घरात पाणी पिवळंधमक होतं आणि शेवटच्या घरात पांढरंच राहतं, हा त्यांचा अनुभव. तपासणी बहुधा टाकीजवळ होते, कारण तिथपर्यंत गाडी जाते.

म्हणून जाहीरनाम्यात पहिली ओळ ही आली. गावातल्या पाणीवाहिन्यांच्या सात टोकांची नावं घेऊन (घराची नव्हे, खुणेची, जसं की 'ओढ्याकडची शेवटची तोटी') तिथे आठवड्यातून एकदा ओटी टेस्ट, आणि त्याचा आकडा त्याच दिवशी फळ्यावर. क्षेत्रीय कार्यालयाकडे यासाठी माणूस मागायचा, तो मिळेपर्यंत बचत गटाच्या बायका करतील. निवडून आल्यापासून पहिल्या महिन्यात.

प्राधान्यक्रम ठरवताना आपण 'सर्वांत मोठं काम आधी' असं धरतो. मीही धरलं होतं. ताईंनी वेळेचा धागा पकडला. जे उशिरा होणार आहे ते होईपर्यंत माणसं जगली पाहिजेत, त्याची सोय आधी.

बाकीचं पान

उरलेल्या गोष्टी पटापट बसल्या. कचऱ्यासाठी वेगळी योजना नको असं ठरलं. पुण्यात कचरावेचकांच्या स्वच्छ संस्थेची दारोदार कचरा गोळा करण्याची घडी २००८ पासून बसलेली आहे, ती गावातल्या ज्या वाड्यांपर्यंत पोचलेली नाही तिथे पोचवायची. बसबद्दल एकच ओळ. पीएमपीएमएलच्या संचलन तुटीत पुणे पालिका ६० टक्के वाटा उचलते, तेव्हा शाळेच्या वेळेला दोन फेऱ्या मागण्याचा आपला हक्क आहे. ओढ्याबद्दल आमचा थोडा वाद झाला. गावातल्या मंडळींना ओढा दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंतींत बांधून हवा होता. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरानं काय केलं ते या दक्षिण पुण्यानं पाहिलं आहे. आपलं गाव ओढ्याच्या वरच्या अंगाला. इथे पात्र आवळलं की खाली पाण्याचा लोंढा वाढतो. शेवटी लिहिलं, राडारोडा टाकणं बंद करायचं, पात्राची मोजणी करून खुणा रोवायच्या. भिंत नाही.

आणि दर तीन महिन्यांनी सभा. शहरांसाठी क्षेत्र सभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे, पण पुण्यात ग्रामसभेसारखी ती अंगवळणी पडलेली नाही. ताईंनी लिहिलं, 'कुणी बोलावो न बोलावो, तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात.' नागरिकांच्या सूचनांतून अंदाजपत्रकात छोटी कामं घेण्याची पद्धत पुणे पालिकेत २००६-०७ पासून चालू आहे. तिचा अर्ज या सभेत भरायचा, असंही त्याच ओळीत आलं.

देवळातली सभा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, भैरवनाथाच्या सभामंडपात. थंडी होती, कानटोप्या आणि शाली. ताईंनी भाषण केलं नाही, पत्रक वाचून दाखवलं. पहिलं नळाचं टोक. दुसरं ड्रेनेज, बत्तिसाव्या झाकणापासून. तिसरा रस्ता, ड्रेनेजनंतर. मग मागची बाजू, 'जे माझ्या हातात नाही'.

पुढे बसलेल्या एका आबांनी काठी आपटली. "म्हणजे रस्ता तीन वर्षं नाही?"

"नाही, आबा."

"मग तो पलीकडचा म्हणतोय सहा महिन्यांत करतो. त्याला का नको मत देऊ?"

ताईंनी आवाज चढवला नाही. "द्या की. पण त्याला एवढं विचारा, ड्रेनेज आधी करणार का नंतर. नंतर म्हणाला तर तो रस्ता पुन्हा फोडायला तुमच्याच कराचा पैसा जाईल. मागच्या वेळी मीच तसा केला होता. माझ्या सहीनं. आता परत नाही करणार."

मंडपात क्षणभर कुणी बोललं नाही. मग मागून एका बाईंनी विचारलं, सात टोकांत आमची गल्ली आहे का. नव्हती. ताईंनी पेन काढलं आणि पत्रकावर आठवं टोक लिहिलं. लोकांच्या देखत.

माझ्या नोंदवहीत त्या रात्री मी लिहिलं आहे की सभा चांगली झाली. आज वाचताना वाटतं की त्या सभेतच आमची उणीवही दिसत होती. मंडपात सगळं एकाच गावचं माणूस होतं. पुण्यात प्रभाग चार सदस्यांचा असतो, अ, ब, क, ड अशा चार जागा, मतदारानं चार मतं द्यायची. एकच प्रभाग पाच सदस्यांचा, म्हणून ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक. २०११ ची जनगणना धरली तरी एका प्रभागात ८०-९० हजार लोकसंख्या येते, आणि नंतर वाढलेली वस्ती वेगळी. ताईंचा प्रभाग म्हणजे त्यांचं गाव, शेजारची आणखी गावं आणि जुन्या हद्दीतल्या सोसायट्यांचा मोठा पट्टा. आमच्या पत्रकातली झाकणं एका गल्लीतली होती. पलीकडच्या सोसायटीत पत्रक वाटताना एका गृहस्थांनी आदबीनं विचारलं, "ताई, चांगलं आहे हे. पण आमचं कुठलं झाकण?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. अपक्ष उमेदवाराला बाकीच्या तीन जागांवर जोडीदार नसतात, पैसा आणि माणसं नसतात, हे खरंच. पण प्रत्येक वस्तीत एक रविवार घालून तिथलं बत्तिसावं झाकण आम्ही शोधू शकलो असतो. त्यासाठी दिवाळीनंतर नव्हे, पावसाळ्यात कामाला लागायला हवं होतं. तुंबलेली लाइन पावसात आपण होऊन दिसते.

१६ जानेवारीला मतमोजणी झाली. ताई हरल्या. त्यांच्या गावच्या मतदान केंद्रांवर त्या पुढे होत्या, बाकीच्या प्रभागात खूप मागे.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेले. अंगणात बचत गटाच्या चार बायका पाटांवर बसल्या होत्या, समोर काचेच्या नळ्या. आठ टोकांचं पाणी बाटल्यांत आणलेलं, बाटल्यांवर चिकटपट्टी लावून नावं लिहिलेली. ताई एकेका नळीत थेंब सोडत होत्या आणि त्यांची सून फळ्यासाठी आकडे लिहून घेत होती. ओढ्याकडच्या शेवटच्या तोटीची नळी पांढरीच राहिली. ताईंनी ती उजेडाकडे धरली, पुन्हा दोन थेंब सोडले, थांबल्या. पांढरीच.

"पहिला अर्ज याचाच करायचा," म्हणाल्या.

मग आतून झाकणांचा नकाशा आणला. दिरांनी काढलेला, चार्ट पेपरवर, ४७ गोल, त्यातले नऊ लाल, आणि ३२ व ३३ च्या मध्ये एक उलटा बाण. कडेला चहाच्या कपाचा डाग. त्या सकाळी निवडून आलेल्यांपैकी एकांकडचा माणूस येऊन गेला होता, तो नकाशा मिळेल का विचारायला. ताईंनी पुतण्याला पाठवून त्याची रंगीत झेरॉक्स काढून दिली. झेरॉक्सच्या खाली, दुमडून, सभेत वाचलेलं पत्रकही लावलं होतं, आठव्या टोकासकट.